हवेचा डबा

गाडी बंद पडली तेव्हा कुठे कल्पेशला मागचा खोकला ऐकू आला. टेमघरपासून त्याचा बाबा, चिंतू, खोकतच आला असणार. गाडीच्या आवाजात ते कळलंच नव्हतं.

कामतघरच्या गल्लीत दोन्ही बाजूंनी कापड विणणारे लूम खडखडत होते. त्याने चार किका मारल्या. गाडी धडपडली, काळा धूर सोडला आणि गप्प झाली. दहा वाजून गेले होते. छातीचे डॉक्टर दवाखान्यात पंधरा दिवसांतून एकदा यायचे आणि अकराला उठून जायचे. चिंतू आज निघाला हेच नवल होतं. सहा महिने तो 'बघू, बघू' करत होता. आज चुकलं तर बाबा पुन्हा घरातून हलणार नाही, हे कल्पेशला पक्कं ठाऊक होतं.

"बाबा, रिक्षा बघतो."

"नको. शेअर रिक्षात खोकलो का लोक तोंड फिरवतात." चिंतू एका बंद दुकानाच्या पायरीवर टेकला. दोन वाक्यांच्या मध्ये त्याला थांबावं लागत होतं. "हिला हवा मिळत न्हाय. उघडून बघ."

उघडायला काही उरलंच नव्हतं. सीटखाली कंपनीचा काळा डबा असायचा, त्याच्या आत हवेचा फिल्टर सुरक्षित बसलेला. तीन आठवड्यांपूर्वी कल्पेशने तो डबा काढून लाल जाळीचा, निमुळता, उघडा फिल्टर लावून घेतला होता. गाडी दणदणीत वाजावी, गल्लीतल्या पोरांनी वळून बघावं, एवढीच हौस. पोरांनी बघितलंही होतं. भावेश मेकॅनिक तेव्हाच म्हणाला होता, "इथं हवेत रुई उडते रे, डबा राहू दे." कल्पेश ऐटीत म्हणाला, "भंगारात टाक."

त्या संध्याकाळी चिंतूने गाडीभोवती एक चक्कर मारली आणि एवढंच विचारलं, "डबा कुठं हाय?" सहा वर्षं दर सुट्टीला तो डबा उघडून साफ करायचा तोच. उत्तर ऐकून तो आत गेला आणि परत कधी त्याने विषय काढला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं.

आता कल्पेश उकिडवा बसला. लाल जाळी दिसतच नव्हती. त्यावर कापसाच्या तंतूंचा पांढरा थर चढला होता. नखाने उचलला तर दुधावरची साय निघावी तसा अख्खा निघून आला. तो थर कल्पेशने तळहातावर घेतला. मग मान वर न करता म्हणाला, "चुकलं बाबा."

हे वाक्य त्या घरात सहसा कोणी बोलत नसे. चिंतूनेही ते न ऐकल्यासारखं केलं.

"नुसतं झटकून भागायचं न्हाय. तेलकट हाय, लगेच धरेल परत. सरक."

तो उठून आला. खिशातून चौकटीचा रुमाल काढला, झटकला, फिल्टरवर एकेरी पसरला आणि मागून गाठ मारली. रुमाल सैल नाही ना, फार घट्ट नाही ना, हे त्याने अंगठ्याने दाबून पाहिलं.

"मार किक."

दुसऱ्या किकेला गाडी सुरू झाली. साडेदहाला दहा कमी होते. पोचता येणार होतं. कल्पेशने सवयीने मूठ पिळली नाही. गाडी हळू आवाजात चालू ठेवून त्याने विचारलं, "हे कुठं शिकलास?"

"लूमच्या मोटरला बांधायचो. रुई आत गेली का जळायची मोटर, आन् शेठ घरी बसवायचा. तासातासाला रुमाल सोडायचा, झटकायचा, परत बांधायचा."

"किती वर्षं?"

"तीस असतील."

चिंतू मागे बसला. खोकल्याची एक उबळ आली, ती त्याने हाताच्या उलट्या बाजूवर घेतली. कल्पेशला ती पाठीत जाणवली.

"आणि तुझ्या तोंडाला?"

चिंतूने त्याच्या खांद्यावर हात ठेवला, निघ म्हणून जरासा दाबला.

"रुमाल एकच व्हता."