दहा थेंब

लुत्फीने गोळ्यांची डबी गच्चीवरून खाली रस्त्यात भिरकावली आणि तो आईला म्हणाला, "जा, उचल आणि तूच खा. या घरात गरज तुला आहे."

वसीलाही ऐकून घेणाऱ्यांतली नव्हती. "दुकानातल्या आरशांना चादरी मी घातल्या नाहीत," ती म्हणाली.

खोटं नव्हतं ते. बिझर्ते शहराच्या बाजारात लुत्फीचं न्हाव्याचं दुकान होतं, बापाने थाटलेलं. आरशांमागे माणसं बसतात आणि आपलं बोलणं टिपून घेतात, असं गेल्या हिवाळ्यात त्याच्या डोक्यात शिरलं. न्हावीच आरसे झाकायला लागला आणि खुर्चीत बसलेल्याला 'तुला कुणी पाठवलं' म्हणून विचारायला लागला, तर गिऱ्हाईक टिकेल कसं? डॉक्टरांनी रोज सकाळची एक गोळी लिहून दिली होती. गोळी नाही तर दुकान नाही, आणि दुकान गेलं की पोरगाही गेल्यात जमा, एवढं वसीलाला लख्ख दिसत होतं.

"बाबांना आयुष्यभर मुठीत ठेवलंस," लुत्फी म्हणाला. "आता माझ्यावर डोळा आहे. तुझ्या हातची गोळी घेण्यापेक्षा मेलेलं बरं."

हे तिला झोंबलं. पण रडण्यापेक्षा हट्टाला पेटणं तिला सोपं जाई. दुसऱ्याच दिवशी तिने कोपऱ्यावरच्या औषधवाल्याला गाठलं. हेच औषध पातळही मिळतं, त्याला रंग नाही की चव नाही, असं त्याने सांगितलं. दहा थेंब म्हणजे एक गोळी.

"दहाच्या वर मात्र जाऊ नका, मावशी," तो म्हणाला. "जास्त झालं की अंग लाकडासारखं आखडतं."

त्या दिवसापासून संध्याकाळच्या चण्याच्या रश्श्यात, वर मिरचीचा ठेचा घालायच्या आधी, दहा थेंब पडू लागले. वसीला ओठ हलवत मोजायची. लुत्फी आईशी बोलत नसे, पण वाटी चाटूनपुसून खाई. भांडण आईशी होतं, रश्श्याशी नव्हतं.

महिन्याभरात चादरी उतरल्या. जुनी गिऱ्हाइकं खुर्चीत येऊन बसू लागली. वसीला मनातल्या मनात फुशारली, आणि तिला गप्प कुठलं राहवतंय? एकदा जेवताना ती म्हणालीच, "आलास म्हणायचा माणसांत."

"आलो," लुत्फी म्हणाला. "आणि तुझ्या मदतीशिवाय आलो, हे लक्षात ठेव."

त्याच्या ओठांवर हसू होतं. वसीलाने आपलं हसू लपवायला ताटात मान घातली.

मग हळूहळू सगळं बिघडत गेलं. लुत्फी पाय ओढत चालू लागला. चेहऱ्यावरची रेष हलेना, बोलताना लाळ गळे, आणि ज्या हातावर सगळा बाजार विश्वासाने गळा सोपवायचा, तो हात थरथरू लागला. एका म्हाताऱ्या कोळ्याचा कान वस्तऱ्याने कापला, त्या दिवसापासून दुकान बंदच राहिलं. वसीला घाबरली. औषधवाल्याचं बोलणं तिला आठवलं, पण अकरावा थेंब तिच्या हातून कधीच पडला नव्हता, छातीवर हात ठेवून सांगितलं असतं तिने. म्हणजे हा रोगच उलटला होता.

"काय होतंय रे तुला?" तिने शेवटी विचारलं.

"तुझी नजर लागली," तो जड जिभेने म्हणाला. "आता तरी थंड झालीस ना?"

लुत्फीच्या बहिणीच्या नवऱ्याने सांगून टाकलं की सोमवारी गाडी आणतो आणि त्याला ट्युनिसच्या इस्पितळात सोडून येतो. एकदा आत गेलेला पोरगा परत हातात वस्तरा धरेल, ही आशा वसीलाला नव्हती. सोमवारच्या आत काहीतरी करायला हवं होतं. पंधरा थेंब करून बघावे, असं तिने ठरवलं, तर बाटलीत जेमतेम दोन उरले होते.

रविवार होता. कोपऱ्यावरचं दुकान बंद. रविवारी गावात औषधाचं एकच दुकान पाळीने उघडं असे, आणि त्या आठवड्याची पाळी होती जुन्या बंदरावरच्या दुकानाची. वसीला इथे कधी आली नव्हती. काउंटरवरच्या बाईपुढे तिने ती बाटली ठेवली.

"कुणासाठी हवंय?" बाईने विचारलं.

"मुलासाठी. लुत्फी, बाजारातला न्हावी."

बाईने बाटलीवरचं नाव वाचलं आणि ती नवलाने वसीलाकडे बघत राहिली.

"त्याने शपथ घातलीय, पण तुम्ही आई आहात म्हणून सांगते," ती म्हणाली. "थेंब कशाला, मावशी? डॉक्टरांनी गोळी लिहून दिली त्या पहिल्या आठवड्यापासून रोज सकाळी तो इथे येतो आणि माझ्यासमोर गोळी घेतो, रविवारची शनिवारीच नेतो, एक दिवस चुकवलेला नाही. एवढ्याशा एका गोळीने त्याचं अंग असं का आखडलं, तेच मला कळत नाही."