बारटक्क्यांची पैज

"स्वादुपिंडातली गाठ कॅन्सरच्या उंबरठ्यावर असताना काढलीय," डॉक्टर म्हणाले होते. "पेशी जठरासारख्या निघाल्या तर निवांत राहा. पित्तनळीसारख्या निघाल्या तर अवघड."

पित्तनळीसारख्या निघाल्या. बारटक्क्यांनी रिपोर्ट खिशात कोंबला आणि बाकड्यावर ताटकळलेल्या बायकोला डोळा मारला. "जठरासारख्या गं! अजून वीस वर्षं छळणार तुला."

लग्नाला तीस वर्षं झाली. खोटी लॉटरी, खोटे पाहुणे, उशाखाली रबरी पाल. बाई एकदाही फसली नव्हती. "आधी दाखवा," म्हणायची. "एकदा फसवीन आणि गल्लीभर पेढे वाटीन," अशी बारटक्क्यांची पैज होती.

आज तिनं कागद मागितलाच नाही. डोळे पुसत म्हणाली, "चला, गल्लीत पेढे वाटू."

पैज जिंकल्याचं बारटक्क्यांना कुणालाच सांगता येईना.