उतरलेलं पाणी

कानस घसरायला हवी होती. ती रुतली.

राधाकिशन सर पलीकडच्या बाकाजवळ उभे होते. आवाजावरूनच ते वळले. पाणी देऊन कडक केलेल्या पात्यावर कानस नुसती किंचाळते. ही खरखर करत लोखंड खात होती. मनकर्णाच्या बाकावरच्या शेगड्यात, लोखंडी पकडीत, ऊसतोडीचा कोयता आवळलेला होता, मूठ काढलेला. पात्यावर तिनं खडूनं उलथण्याचा आकार आखला होता.

शाळेच्या कार्यशाळेला यंदा नवा पत्रा आलाच नव्हता. घरून जुनं लोखंड आणा आणि त्याचंच काहीतरी करा, असं सरांनी सांगितलं होतं. पोरांनी मोडकी खुरपी आणली होती, आटलेल्या विहिरींवरचे गंजके पाइप आणले होते. कोयता कुणी आणला नव्हता. दिवाळी झाली होती, सगळे कोयते कामाला निघाले होते.

"सर, ती कापती का गोंजारती, तेच कळंना," धुळाजी म्हणाला. पोरं हसली. मनकर्णानं मान वर केली नाही.

सरांनी पात्यावरून बोट फिरवलं. "याचं पाणी कुणी उतरवलं?"

"म्याच."

"कधी?"

"काल. तुमी छिन्न्या तापवून गेलते, तवा भट्टी गरम हुती. लाल केला अन् राखंत पुरला."

हे त्यांनीच शिकवलं होतं. तापवून राखेत हळूहळू निवू दिलं, की पोलादाचं पाणी उतरतं. मग ते निमूट कापू देतं. तापवून पाण्यात बुडवलं, की पुन्हा कडक होतं. वर्गात तिनं एवढंच पुन्हा पुन्हा विचारून घेतलं होतं.

"कुणाचा आहे?"

"आईचा."

सरांनी पात्यावरचं बोट काढून घेतलं. तिची आई सत्यभामा गेल्या हंगामात उसाच्या फडावरच वारली, हे शाळेत सगळ्यांना ठाऊक होतं.

बाहेर भोंगा वाजला. साखर कारखान्याचा ट्रक कुंपणाला लागून उभा होता. त्यात भांडी, शेळ्या, गोधड्या आणि माणसं भरली होती. मनकर्णाचा बाप आश्रुबा कार्यशाळेच्या दारात आला आणि देवळात शिरावं तशा वहाणा काढू लागला.

"असू द्या पायात," सर म्हणाले. "खाली लोखंडाचा चुरा आहे, रुतेल."

तो वहाणांसकट, पण संकोचून आत आला. "मने, कोयता कुठं ठिवलास? सारं घर धुंडाळलं." मग त्याला शेगडा दिसला.

रस्त्यावरून बंकट मुकादम ओरडला, "ए आश्रुबा! पोरगी अन् कोयता, दोनी बी आण बे! बिनकोयत्याचं माणूस मला चालायचं न्हाई. न्हाईतर चल आर्धा, अन् वहा दुसऱ्याच्या मोळ्या!"

ट्रकवर हशा झाला. नवरा-बायको मिळून एक कोयता, अशी मुकादमाची मोजणी. एकटा माणूस अर्धा. आईच्या जागी आता मनकर्णा धरलेली होती.

आश्रुबानं पात्याच्या कडेला अंगठा लावला. जिथं धार होती तिथून तो सावकाश शेवटापर्यंत नेला.

"कावून गं?" त्यानं हळूच विचारलं.

"दुसऱ्या कुणाच्या हातात मला बघवत न्हाई, आबा." तिनं आपल्या हातांकडे पाहिलं. "माझ्या बी."

कुणी हसलं नाही. धुळाजी आपल्या पाइपाकडे बघत राहिला.

"मी काकूपाशी ऱ्हाते," ती म्हणाली. "मला शाळा सोडायची न्हाई."

"मूठ कुठंय?"

तिनं ती परकराच्या खिशातून काढली. बाभळीची, घामानं काळी पडलेली, अंगठ्याच्या जागी झिजून खोलगट झालेली. आश्रुबानं तिथं आपला अंगठा ठेवून पाहिला. बसला नाही. तरी तो तसाच धरून उभा राहिला.

सर खाकरले. "आश्रुबा, बिघडलं नाही काही. पाणी परत देता येतं. भट्टी पेटलेलीच आहे. लाल करायचा, पिंपात बुडवायचा, की झाला पहिल्यासारखा." बोलताना ते मनकर्णाकडे बघत नव्हते. "बाप तुम्ही आहात. सांगाल तसं करू."

पुन्हा भोंगा वाजला. या खेपेला लांबलचक.

पिंप भट्टीच्या शेजारीच होतं. सकाळी टँकर येऊन गेला होता. पोरांनी रांग करून ते भरलं होतं. भात्याच्या हादऱ्यानं काठाशी पाणी थरथरत होतं. मनकर्णा त्याच्याकडे बघत होती. कानस अजून तिच्या हातात होती.

आश्रुबानंही पिंपात पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"आवंदा पानी कुठंय, सर?" तो म्हणाला, आणि मूठ तशीच हातात धरून एकटाच ट्रककडे निघाला.