पाण्यापेक्षा सस्ती

हे इराकातल्या बांधकामावरून सानगडीला परतले, तेव्हा यांनी अजून न पाहिलेली आमची लेक सात महिन्यांची झाली होती. पण सासूबाईंनी यांना दारातच अडवलं. "लांबून आला तू. लेकराले बाहेरचं वारं लागते. सकाळी न्हाऊन घे, मंगच पाह्य तिले."

मग संध्याकाळी अंगणात बैठक बसली. "बगदादात बीअर खुल्या दुकानात भेटते, कुवेतात सापडली का सीधा जेल," हे सांगत होते. "आन् आमचा जर्मन साहेब म्हणे, त्याच्या देशात ते पाण्यापेक्षा सस्ती!"

"मंग ते लोकं आंग कायनं धुतेत बे?" यांचे दोस्त परसरामभाऊजी हसले आणि मोहाच्या दारूचा गिलास यांच्यापुढं सरकवला. "हे घे. नव्या भट्टीची हाय. वास उग्र हाय, पण दोन घोटांतच चढते."

"अशी तं कोणत्याच देशात नाही भेटली गड्या," म्हणत यांनी गिलास रिकामा केला.

सकाळी हे न्हाऊन अंगणातल्या उन्हात बसले. मी लेकीला काजळ-तीट करून यांच्या मांडीवर दिलं. यांनी तिच्या गालांवरून हात फिरवला, पुन्हा फिरवला.



"इले जरा उजेडात आण ना वो. तोंडच दिसून नाही राहिलं मले."