दोन बरण्या

विक्रीच्या लोणच्यावर पुन्हा बुरशी दिसली, तेव्हा कुमुदकाकूंनी हळूच कामवाल्या हौसाला विचारलं, "खरं सांग हो, विटाळात बरणीला शिवलीस ना?"

"देवाशपथ न्हाई, काकू. ते चार दिस मी येतच न्हाई की." हौसाने हात जोडले. हे काम सुटलं, तर असा ठपका लागलेल्या बाईला दुसरं कोण ठेवणार?

गृहउद्योगाचं प्रशिक्षण घेऊन आलेली सून म्हणाली, "आई, नवं लोणचं दोन बरण्यांत भरू. एक फक्त हौसाताई हाताळतील, त्या चार दिवसांतसुद्धा. दुसरी फक्त तुम्ही. मग बघू."

शिवाशिवीचा विचारही काकूंना नको होता. पण हौसाचीच बरणी नासेल याची खात्री होती, म्हणून कबूल झाल्या. रोज जपाला बसताना त्यांची नजर हौसाच्या बरणीकडेच जायची.

महिन्याने झाकणं उघडली. हौसाचं लोणचं लख्ख होतं. बुरशी काकूंच्या बरणीत होती.

"अगं, असं कसं? मी तर रोज न्हाऊन, सोवळ्यानेच नैवेद्याची फोड काढते!"

"आणि हात पुसता, आई?"

"पुसू कशाला? पंचा सोवळ्यातला नसतो..." काकू बोलता बोलता थांबल्या. हौसाला 'हात कोरडे कर' म्हणून त्याच बजावत असत.

हौसाने हसू दाबत पदर तोंडाला लावला. "मग काकू, आता तुमाला किती दिस बाहेर बसवायचं?"