धाकटीची बोटं

धाकटीच्या बोटांवर एकही ओरखडा नव्हता. थोरलीच्या बोटांवर सुरीचे जुने व्रण होते. शाळेत असताना धाकटीच्या रक्तात प्लेटलेट्स कमी निघाल्या, तेव्हापासून रक्त थांबायचं नाही या धास्तीने आईने तिला सुरीला हात लावू दिला नव्हता. "ती नाजूक, तू दणकट," हे ऐकून थोरलीचा जळफळाट व्हायचा. घरकामापायी तिने बाहेरगावची नोकरीही लांबणीवर टाकली होती. ती गावातल्याच एका प्रयोगशाळेत काम करायची. आज तिथे तिनेच धाकटीचं रक्त सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. प्लेटलेट्स भरपूर होत्या. नळीतल्या गोठणरोधक औषधामुळे त्यांचे पुंजके झाले होते, यंत्राला ते मोजता येत नव्हते, म्हणून शाळेपासून आकडा कमीच दिसत आला होता. दुसऱ्या औषधाच्या नळीत आकडा बरोबर आला. "मग आता माझे लाड बंद?" घरी धाकटी कुरकुरली. थोरलीने सुरी तिच्या हातात ठेवली. "अगं, तिला कापेल!" आई ओरडली. "कापू दे. मी ती नोकरी घेतेय."