एकाला चार

“कप कुठले काढू?” आईने स्वयंपाकघरातून विचारलं.

“थांब जरा, भाव बघू दे,” बाबा म्हणाले आणि त्यांनी कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला.

बाबांची उभी हयात बँकेत परकी चलनं बदलून देण्याच्या खिडकीमागे गेली होती. निवृत्त झाले, तरी ती खिडकी काही त्यांच्या डोळ्यांसमोरून हटली नव्हती. नदीपलीकडच्या देशाचं चलन कुठवर पोचलं हे बघितल्याशिवाय ते सकाळी दातही घासत नसत. आज ते चांगलंच वर होतं. सोनेरी काठाचे कप निघाले.

पाहुणे पलीकडचेच होते. मुलगा आणि त्याची आत्या. सहा वर्षांपूर्वी हाच मुलगा धाकटीला मागणी घालायला आला होता, तेव्हा बाबांनी त्याला उंबऱ्यावरूनच वाटेला लावलं होतं. आज त्यांनीच फोन करून बोलावून घेतलं होतं. का, हे धाकटीने विचारलं नाही. मधली सगळी स्थळं तिने नाक मुरडून परत पाठवली होती ती याच एका दिवसासाठी. हवं ते पदरात पडत असताना कारणं कशाला उकरा?

“इतिहास बघायला हवा हो,” बाबांनी बैठकीत सुरुवात केली. “मी नोकरीला लागलो तेव्हा आमच्या एकाला तुमचे तीन. मग तुमच्याकडे ते दुष्काळाचं वर्ष आलं आणि एकाला चार झाले. तुमची माणसं पिशवीभर नोटा आणायची आणि खिसाभर साबण घेऊन जायची.”

“मीच आणायचे की पिशवी,” आत्या म्हणाल्या. “खिडकीत तुम्हीच असायचात. आमच्या नोटांना हात लावायचा नाहीत तुम्ही. पट्टीने ओढून घ्यायचात.”

“तो नियम होता.”

“असेल. आता आमच्याकडच्या खिडक्यांतही पट्ट्या आल्यात.”

यावर दोघंही हसली, जुने सवंगडी भेटावेत तशी. धाकटीला मात्र घासात केस लागल्यासारखं झालं. तो गिळावा की काढावा, हे ठरेना.

“पुढे तुमच्याकडे खाणी निघाल्या,” बाबा म्हणाले.

“आणि तुमच्याकडे सरकारं पडली.”

“पडली ना.” घरातलं जुनं दुखणं सांगावं तसा बाबांचा आवाज उतरला. “दोन्ही चलनं बरोबरीला आली, त्या दिवशी मी रजा टाकली होती. बघवलं नाही.”

“आणि आता आमच्या एकाला तुमचे चार.” आत्यांनी कप बशीत ठेवला. “ह्याला दारात उभं करून काय म्हणाला होतात, आठवतं का? तुमच्याकडची चार पोरं एकत्र बांधली तरी माझ्या एका मुलीची बरोबरी व्हायची नाही. मग आता त्याच हिशेबाने आम्ही किती मुली मागायच्या?”

आईच्या हातातली किटली वाटेतच थांबली. धाकटीला वाटलं, झालं, आता बाबा उठणार. एवढा अपमान कोण गिळतं?

बाबा उठले नाहीत. त्यांचा अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरत होता.

“थोरल्या भावाची एक आहे लग्नाची,” ते म्हणाले. “आणि हिची मामेबहीण. ती पुढच्या वर्षी शिकून मोकळी होईल.”

धाकटीने मुलाकडे पाहिलं. त्या दिवशी हाकलून दिल्यावर फाटकाशी उभा राहून तो तिला म्हणाला होता, “तुझ्या बाबांची मला कीव येते. त्यांना माणसंही नोटांसारखीच दिसतात.” त्या एका वाक्यावर तिने सहा वर्षं काढली होती. आता तो काहीतरी बोलेल. बोलायलाच हवं.

तो मोबाइलमध्ये बघत होता. मग आत्यांकडे झुकून, अगदी अदबीने, म्हणाला,

“चार नाही आत्या. दुपारपासून भाव साडेचार झालाय.”

“मग त्या अर्ध्याचं काय करायचं?”

“अर्धं सोडून देऊ,” तो म्हणाला. “आता घरचेच ना.”

आणि आल्यापासून पहिल्यांदाच तो धाकटीकडे बघून हसला. ते अर्धं कुणासाठी सोडलं, हे तिला कळावं म्हणून असेल.

धाकटी उठली.

“नदीवरचा पूल सहाला बंद होतो,” ती म्हणाली. “आत्ता निघालात तर पोचाल.”

“अगं, अजून चारही वाजले नाहीत,” बाबा म्हणाले.

“रांग असते.”

कुणी मनावर घेतलं नाही. मुली लाजल्या की असंच काहीबाही बोलतात, असं आत्यांनी बाबांना समजावलं आणि बाबांना ते पटलं. त्यांनी कप पुढे केला. “घाई कशाला? उद्या सकाळचा भाव बघू आणि मगच बोलणी पक्की करू. वर गेला तर तुमचं, खाली आला तर आमचं. काय?”

धाकटी बाहेरच्या दाराशी आली. पाहुण्यांची पायताणं घराकडे तोंड करून पडली होती. तिने खाली बसून आत्यांच्या चपला उलट्या फिरवल्या, रस्त्याकडे तोंड करून. मग त्याचे चकचकीत बूट त्यांच्या शेजारी तसेच लावले. उठता उठता तिची नजर कोपऱ्याकडे गेली. ती पुन्हा वाकली आणि बाबांच्या चपलाही उचलून तिने त्याच रांगेत लावल्या.